स्वतःला लुटून कसं घ्यावं: गरजूंसाठी मार्गदर्शन

पाकीटमाराला तुमच्याकडून सहकार्याची अपेक्षा नसते. गर्दीच्या वेळचं दादर स्टेशन आणि ब्लेडचं अर्धं पातं, एवढ्यावर त्याचा संसार चालतो. क्रेडिट कार्डावर डल्ला मारणाऱ्याचं तसं नाही. कार्ड तुमच्या खिशात, फोन तुमच्या हातात, आणि वर रिझर्व्ह बँकेनं २००९ पासून ऑनलाइन खरेदीला दुसऱ्या कुलपाची सक्ती करून ठेवलेली. कार्डाचा नंबर कुठून तरी मिळाला तरी ओटीपी येणार तुमच्याच फोनवर. बिचारा पुरता तुमच्यावर अवलंबून आहे. अशा माणसाला रिकाम्या हातानं परत पाठवणं आपल्या संस्कारात बसत नाही. तरीही काही लोक त्याचा फोन कट करतात. हे चार शब्द त्यांच्यासाठी.

फोन कधीही येतो, पण कुकरच्या शिट्ट्या चालू असताना आला तर उत्तम. ‘मॅम, मैं आपके बैंक के क्रेडिट कार्ड डिपार्टमेंट से बात कर रहा हूँ.’ ताबडतोब हिंदीवर या. एरवी रिक्षावाल्यानं मराठीतच बोललं पाहिजे म्हणून तुम्ही अर्धा तास वाद घालता, ते इथे विसरा. मराठी माणूस हिंदीत शिरला की आपोआप नम्र होतो, आणि त्याचं निम्मं लक्ष ‘बिल आया’ की ‘बिल आयी’ यातच अडकतं. चोराला एवढी सवड पुरते.

आता नंबर पाहू नका. बँकांनी ग्राहकांना कामाचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून करावेत आणि जाहिरातीचे १४० वरून, असं रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये सांगून ठेवलंय. तुम्हाला आलेला फोन दहा आकडी मोबाइलवरून असेल, व्हॉट्सअॅपच्या डीपीत बँकेचं चिन्ह असेल आणि मागे ‘जी सर, जी सर’ असा कॉल सेंटरचा गलबला ऐकू येत असेल, तर एवढा पुरावा भरपूर झाला.

मग तो तुमच्या कार्डाचे पहिले सहा आकडे स्वतःच म्हणून दाखवतो. इथे भारावून जायचं. ‘अहो, त्याला आमचा नंबर माहीत होता!’ हे वाक्य नंतर पोलिसांपुढे, शेजाऱ्यांपुढे आणि जावयापुढे लागतंच. खरी गोष्ट अशी की हे सुरुवातीचे आकडे बँकेचे आणि कार्डाच्या प्रकाराचे असतात. त्याच बँकेचं तेच कार्ड शेजारच्या कुलकर्ण्यांकडे असेल तर त्यांचेही आकडे हेच. गाडीच्या पाटीवरचं एमएच १२ वाचून दाखवणाऱ्याला आपण गाडीचा मालक समजत नाही. पण कार्डाच्या बाबतीत समजायचं, आणि उरलेले दहा आकडे, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे आपण पुरवायचे. अर्ध्यावर आलेल्या माणसाला वाटेत सोडू नये.

पुढची पायरी सर्वांत महत्त्वाची असल्यामुळे जरा सावकाश घेऊ. तुमचे रिवॉर्ड पॉइंट आज रात्री संपणार आहेत (ते कायम आजच रात्री संपतात), त्यांचे ७,८५० रुपये तुमच्या खात्यात जमा करायचे आहेत, त्यासाठी एक ‘कन्फर्मेशन कोड’ येईल. कोड येतो. मेसेजात लिहिलेलं असतं की अमुक दुकानातल्या ४८,९९९ रुपयांच्या खरेदीसाठी हा ओटीपी आहे, तो कोणालाही सांगू नका, बँक तो कधीही विचारत नाही. म्हणजे दुकानाचं नाव, रक्कम, धोक्याची सूचना, सगळं त्या दोन ओळींत असतं. ते वाचायचं नाही. चष्मा कपाळावर ठेवून फक्त सहा आकडे वाचायचे, तेही एकेक, स्वच्छ, मध्ये ‘लिया क्या?’ असं विचारत. चुकून रकमेवर नजर गेलीच आणि तुम्ही शंका काढलीत, तर ‘वो तो सिस्टम जनरेटेड है सर’ हे उत्तर तयार असतं. सिस्टम म्हटलं की आपल्याला पुढे बोलता येत नाही. सरकारी कचेऱ्यांनी आपल्याला तशी सवय लावलेली आहे.

हे सगळं न करण्याबद्दल आपल्याला कोणी सांगितलं नाही, असं मात्र म्हणू नका. रिझर्व्ह बँकेची ‘आरबीआय कहता है’ ही जाहिरात कित्येक वर्षं चालली. नंतर कोणालाही फोन लावला की आधी अमिताभ बच्चन सायबर भामट्यांबद्दल बोलायचे आणि मग रिंग जायची. त्यावर आपण काय केलं? ती ट्यून बंद कशी करायची याचे व्हिडिओ एकमेकांना पाठवले. २०२५ च्या जूनमध्ये ती खरोखरच बंद झाली. केवढा दिलासा.

ज्यांना आकडे वाचून दाखवायचाही कंटाळा आहे, त्यांच्यासाठी आता नवी सोय झाली आहे. व्हॉट्सअॅपवर एखादी लग्नपत्रिका येते, नाहीतर आरटीओचं चलान, आणि फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. फोटोही नाही, पीडीएफही नाही. ते एक अॅप असतं. उघडल्यावर ते मेसेज वाचायची परवानगी मागतं. तुमचे ओटीपी वाचण्याची परवानगी मागणारं हे कुठलं लग्न, असा प्रश्न कोणाला पडत नाही, कारण ‘वधू कोणाची कोण’ हे कळल्याशिवाय आपल्याला चैन पडत नसते. परवानगी दिली की पुढचे ओटीपी परस्पर जातात. तुम्हाला त्रास नाही.

खरेदीकडे वळू. दिवाळीच्या आधी मोबाइलवर जाहिराती येतात: अस्सल येवल्याची पैठणी, ७९९ रुपये, फक्त आज, फक्त १४ शिल्लक. हातमागावर एक पैठणी उतरायला आठवडे जातात हे तुम्हाला ठाऊक आहे. मावशीनं घेतली तेव्हा किंमत ऐकून काकांनी पंख्याखाली बसून पाणी मागितलं होतं. पण ‘फॅक्टरीतून थेट’ असं लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी. साइटचं नाव नीट वाचू नका. नावाजलेल्या दुकानाच्या नावात एखादं अक्षर जास्तीचं असलं तर तो छपाईचा दोष समजा. पैसे भरताना त्यांनी कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो व्हॉट्सअॅपवर मागितले तर प्रकाश चांगला घेऊन काढा. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना तुमचा कार्ड नंबर साठवायलाच बंदी आहे, त्याऐवजी ‘टोकन’ नावाचा बदली क्रमांक ठेवावा लागतो, असले नियम सांगून गिऱ्हाइकी मोडू नये.

कार्ड नवं आलं की त्यातली ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून पैसे देण्याची सोय बंद असते. हवी तेवढीच चालू करावी आणि प्रत्येकीला मर्यादा घालावी, म्हणून २०२० च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेनं ही तजवीज केली. परदेशी साइटवर बरेचदा ओटीपी विचारलाच जात नाही, हे त्यामागचं एक कारण. तुम्ही बँकेच्या अॅपमध्ये जाऊन सगळी बटणं उजवीकडे सरकवा आणि मर्यादा शेवटच्या टोकाला न्या. दुबईला जायचंच आहे कधीतरी.

हॉटेलात तर काम फारच सोपं. बिल येतं, वेटर म्हणतो, ‘सर, इथे रेंज नाही, मशीन काउंटरवरच चालतं.’ तुम्ही खुर्चीतून न हलता कार्ड देता. चार पावलं गेल्यावर तो वळून विचारतो, ‘पिन काय सर?’ आणि तुम्ही तीन टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगता, ‘एकोणीसशे ब्याण्णव!’ तुमच्याच टेबलावरची मंडळी कौतुकानं मुलाकडे बघतात, कारण ते त्याचं जन्मवर्ष असतं. फोनचं कुलूपही तेच असतं, हे सांगायची गरज पडत नाही.

(आणखी एक गोष्ट, लेखाच्या ओघात बसत नाही तरी सांगतो. क्रेडिट कार्ड म्हणजे उसनवारी, आपल्याला ते पटत नाही, म्हणून बरेच सज्जन पगाराच्या खात्याचं डेबिट कार्ड दिसेल त्या साइटवर वापरतात. क्रेडिट कार्डावर घोटाळा झाला तर भांडण बँकेनं दिलेल्या उधारीवरून होतं. डेबिट कार्डावर झाला तर तुमची शिल्लक आधी जाते आणि भांडण मग सुरू होतं. पण तत्त्व ते तत्त्व.)

काही चोर अर्थात स्वावलंबी असतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींच्या आसपास रक्कम गेली. बनावट कार्डं घेऊन २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. त्या चोरांनी ना कोणाला पॉइंटचं आमिष दाखवलं, ना कोणाच्या आईला फोनवर ताटकळत ठेवलं. ‘बँकाच लुटल्या जातात, आपण काय करणार?’ असं म्हणताना हे उदाहरण हाताशी ठेवा. आपण आपले आकडे स्वतः वाचून दाखवले, एवढा भाग मात्र गाळा.

आता पैसे गेलेत. खरी कसोटी इथून पुढे आहे, आणि बरेच जण इथेच कच्चे पडतात. घाबरून लगेच बँकेला कळवतात. तसं करू नका. पहिले दोन तास तर चोरच तुम्हाला लाइनवर धरून ठेवेल, ‘प्रोसेस चालू आहे, फोन ठेवू नका’ म्हणत, म्हणजे खाली एकामागोमाग येणारे खर्चाचे मेसेज तुम्हाला दिसणार नाहीत. त्याला तशी साथ द्या. फोन ठेवल्यावर शरम वाटू द्या. मुलाला सांगू नका, तो ओरडेल. सुनेला तर मुळीच नको. भाच्याला सांगा, तो कॉम्प्युटरमधला आहे, पण तो नेमका रविवारपर्यंत ट्रेकला गेलेला असू द्या. सोमवारी बँकेत गर्दी असते. मंगळवारी संकष्टी.

या वेळकाढूपणाला अर्थ आहे, कारण नियम वेळेवर चालतो. २०१७ च्या जुलैमधल्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानं हिशेब असा घालून दिला: चूक बँकेची असेल तर तुमचा एक रुपयाही जात नाही. चूक तुमचीही नाही, बँकेचीही नाही, मधल्याच कोणाची आहे, अशा वेळी बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलंत तरी काही जात नाही. चार ते सात कामाचे दिवस लावलेत तर पाच लाखांपर्यंत मर्यादेच्या कार्डावर जास्तीत जास्त दहा हजार, त्यावरच्या मर्यादेला पंचवीस हजार तुमच्या अंगावर. सात दिवसांनंतर बँकेचं धोरण आणि तुमचं नशीब.

‘पण ओटीपी तर मीच सांगितला, आता कळवून काय उपयोग?’ हा विचार अगदी योग्य आहे, चोराच्या दृष्टीनं. त्याच परिपत्रकात लिहिलंय की तुमच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे पहिले ४८,९९९ गेले तरी कार्ड बंद करायला लावलंत तर दुसरे, तिसरे, चौथे वाचतात. ते वाचवू नका. माणूस इतक्या लांबून काम करतोय.

१९३० या सायबर फसवणूक कळवायच्या सरकारी क्रमांकावर फोन करू नका. तिथे लवकर कळवलं तर पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असताना वाटेतच अडवता येतो, निदान काही भाग तरी. त्याऐवजी बँकेच्या सोशल मीडियावरच्या पानाखाली चार ओळींची जळजळीत प्रतिक्रिया लिहा, त्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि मोबाइल नंबर टाका. अर्ध्या तासात ‘डिअर कस्टमर’ म्हणून कोणीतरी खाजगी मेसेज करेल. ती बँक नसते, पण आपुलकीनं विचारपूस करते.

शाखेत गेलातच तर काउंटरवरचा माणूस स्क्रीनवरून नजर न उचलता म्हणेल, ‘ओटीपी तुम्हीच दिला असणार.’ मान खाली घाला. दोष ग्राहकाचा हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे, हे त्याच्याशी बोलू नका. कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेनं वादातली रक्कम तात्पुरती जमा दाखवायची असते, नव्वद दिवसांत निकाल लावायचा असतो, आणि फसवणुकीची तक्रार चालू असेपर्यंत क्रेडिट कार्डाच्या त्या रकमेवर आकार लावायचा नसतो, यातलं काहीही उच्चारू नका. तक्रार क्रमांक मागू नका. ‘मेल टाकलाय वरती’ या शब्दांवर विसंबा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, पण त्यासाठी बँकेला केलेल्या तक्रारीचा कागद लागतो, आणि तो तर आपण घेतलाच नाही.

एवढं सगळं नीट पार पडलं की साधारण महिन्याभरात आणखी एक फोन येतो. हा माणूस पहिल्यापेक्षा गंभीर असतो, आवाजात सरकारी खर्ज. तुमचे गेलेले पैसे सापडले आहेत, फाइल त्याच्या टेबलावर आहे. तुमचं नाव, गेलेली रक्कम, तारीख, सगळं त्याला तोंडपाठ असतं. कसं, ते विचारू नका. पैसे सोडवायला १,४९९ रुपये प्रोसेसिंग फी भरायची आहे, जीएसटी वेगळा. पावती मिळेल. जुनं कार्ड बंद असेल तर घाबरू नका, तो म्हणेल, घरात दुसऱ्या कोणाचं असेल तर चालेल.