पंधरा-पंधरा-पंधराचा कोटी: हिशेब बरोबर, भरवसा चुकीचा

महिन्याला 15 हजारांची एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक हप्ता), 15 वर्षं, 15 टक्के परतावा, की हातात एक कोटी. निवृत्तीनंतर त्यातून दरमहा एक लाख काढत राहा. पीएफ-पीपीएफमध्ये पैसे अडकवू नका. अशा अर्थाचा निरोप कधी तक्ता लावून, कधी नोटांच्या चित्रासह कितीतरी कौटुंबिक ग्रुपवर फिरतो. 1 नोव्हेंबर 2005 नंतर राज्य सरकारच्या सेवेत लागलेल्या आणि त्यामुळे ज्यांची पेन्शन बाजाराशी बांधली गेली अशा शिक्षकांना, कारकुनांना आणि पेन्शनच नसलेल्या खासगी नोकरदारांना तो पटकन पटतो. त्यांची काळजी खरी आहे, म्हणून त्यातला प्रत्येक दावा तपासायला हवा.

पहिला दावा कोटीचा. गुणाकार बरोबर आहे. 15 वर्षांत खिशातून 27 लाख जातात आणि वर्षाला 15 टक्के मिळाले तर एक कोटी दीड लाखाच्या आसपास होतात. यात वाद नाही. मात्र सगळे युनिट एकाच वर्षी विकले, तर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर, म्हणजे सुमारे 9 लाख रुपये द्यावे लागतात. तक्त्यात हे कुठेच नसतं.

दुसरा दावा सगळ्यात घातक आहे: शेअर बाजार दीर्घ मुदतीत 15 टक्के देतोच. पुरावा म्हणून सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, दाखवतात. 1979 मध्ये 100, मार्च 2024 मध्ये सुमारे 73,650. वर्षाला पंधरा टक्क्यांहून थोडं जास्तच. आकडे खरे आहेत, पण ही वाढ सारखी वाटली गेलेली नाही. मार्च 1992 अखेर, शेअर दलाल हर्षद मेहताच्या तेजीत, सेन्सेक्स 4,285 वर होता, म्हणजे पहिल्या तेरा वर्षांतच तो जवळपास 43 पट झाला होता. त्यानंतर मार्च 2003 अखेर तो 3,049 होता. अकरा वर्षं थांबूनही निर्देशांक खालीच. लाभांश जमेस धरला, दरमहा थोडंथोडं घेत गेलेल्याचं चित्र याहून बरं असतं हेही धरलं, तरी या अकरा वर्षांत 15 टक्क्यांच्या भरवशावर मुलीचं शिक्षण किंवा निवृत्ती बेतलेल्या माणसाने काय करायचं होतं?

अलीकडचं बघा. मार्च 2010 अखेर 17,528, मार्च 2025 अखेर 77,415. बरोबर 15 वर्षं, आणि वार्षिक वाढ साडेदहा टक्क्यांच्याही खाली. लाभांश मिळवला तर एखाद-दीड टक्का वाढेल. त्याच 15 हजारांचे 12 टक्क्यांनी साधारण 75 लाख होतात, 10 टक्क्यांनी 62 लाख. दोन्ही रकमा चांगल्याच आहेत. पण कोटी गृहीत धरून घराचं कर्ज लांबवलेलं असेल, तर हा फरक निवृत्तीच्या तोंडावर कळतो आणि तेव्हा भरून काढायला वर्षं उरलेली नसतात.

तीन पंधरांपैकी रक्कम आणि वर्षं आपल्या हातात आहेत, परतावा नाही. निरोप मात्र सगळा जोर त्या तिसऱ्यावरच देतो. मला वाटतं, जोर हप्त्यावर हवा. 15 हजारांनी सुरुवात करून दर पगारवाढीला हप्ता 10 टक्क्यांनी वाढवला, तर परतावा 10 टक्केच मिळूनही 15 वर्षांत एक कोटी 11 लाखांच्या आसपास जमतात. यात खिशातून 27 नाही, सुमारे 57 लाख जातात, हे सांगायलाच हवं. शेवटच्या वर्षी हप्ता 57 हजारांचा होतो आणि तो सगळ्यांना झेपणार नाही. ज्याला झेपत नाही त्याने पाच टक्क्यांनी वाढवावा, किंवा 15 ऐवजी 20 वर्षं धरावीत. कोटीचा आकडा तरी कुणी ठरवला?

कारण 15 वर्षांनंतरचा कोटी आजचा कोटी नसतो. महागाई सरासरी 6 टक्के धरली तर त्याची आजची किंमत 42 लाखांच्या आत येते.

तिसरा दावा, महिना एक लाखाचा. कोटीतून वर्षाला 12 लाख म्हणजे 12 टक्के. निवृत्तीनंतर मिश्र गुंतवणुकीवर 8 टक्के धरले आणि लाखाची रक्कम कधीच वाढवली नाही, तरी पैसे पावणेचौदा वर्षांत संपतात. महागाईबरोबर दरवर्षी 6 टक्के वाढवली तर साधारण साडेनऊ वर्षांत. साठीला निवृत्त झालेला माणूस सत्तरीच्या आत रिकामा. सुरुवातीलाच बाजार कोसळला, जसा जानेवारी 2008 मधल्या 21 हजारांवरून मार्च 2009 मध्ये आठ हजारांजवळ आला, तर त्याही आधी. त्याच कोटीतून 30 वर्षं, महागाईप्रमाणे वाढवत, काढायचे असतील तर सुरुवात महिना 38 हजारांच्या आसपास करावी लागते. आजच्या भावाने हे 16 हजार झाले. ज्या घरात औषधांवरच महिन्याला तीन-चार हजार जातात, तिथे ‘आयुष्यभर महिना एक लाख’ सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

शेवटचा दावा, पीएफ-पीपीएफ म्हणजे पैसे अडकवणं. पीएफवर 2024-25 साठी 8.25 टक्के व्याज जाहीर झालं. पीपीएफवर एप्रिल 2020 पासून 7.1 टक्के आहे आणि ते पूर्ण करमुक्त आहे. बाजार पडलेल्या वर्षी हीच रक्कम शेअर स्वस्तात विकण्यापासून वाचवते. ती एसआयपीच्या जोडीला हवी, तिच्या बदल्यात नको. निरोप वाचून नोकरी बदलताना पीएफ काढून घेणाऱ्यांना तर कळकळीने सांगणं आहे: सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढलात तर कर लागतो. शिवाय पीएफसोबत जमणारा पेन्शनचा भागही काढलात, तर तेवढी सेवा गणतीतून जाते आणि पेन्शनसाठी लागणारी 10 वर्षं पुन्हा शून्यापासून मोजावी लागतात. पेन्शन मोजताना वेतन 15 हजारांपर्यंतच धरलं जात असल्याने ही पेन्शन 35 वर्षांच्या सेवेलाही महिना साडेसात हजारच होते, हे मान्य. पण ती मरेपर्यंत मिळते आणि मागे राहिलेल्या जोडीदाराला निम्मी चालू राहते. नवीन कंपनीत रुजू झाल्यावर जुनं खातं त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) वर्ग करून घ्या, काढू नका.