साडेचारला उठून सगळं जमत नाही, आणि त्यात आईची चूक नाही

‘नोकरी करणाऱ्या आईचा आदर्श दिवस’ या नावाचा एक मजकूर गेले काही आठवडे फिरतो आहे. मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर आला, माहेरच्या वाडीच्या ग्रुपवर आला, ऑफिसातल्या बायकांच्या ग्रुपवर तर दोनदा आला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी गोषवारा: पहाटे साडेचारला, ब्राह्ममुहूर्तावर उठावं. सहाच्या आत दोन्ही वेळचा स्वयंपाक उरकावा. मग अर्धा तास योगासनं आणि ध्यान, कारण स्वतःसाठी वेळ काढणं आपल्याच हातात असतं. रविवारी आठवड्याभराची वाटणं आणि चिरलेल्या भाज्या तयार ठेवाव्यात. मोबाईल लांब ठेवावा. रात्री दहाला झोपावं. आणि शेवटी ठळक अक्षरांत: आपल्या आज्यांनी दहा-दहा माणसांचं केलं, कधी तक्रार केली नाही, ‘जमत नाही’ ही फक्त सबब आहे.

एरवी मी अशा मजकुरांना उत्तर देत बसत नाही. पण रत्नागिरीत माझ्या ऑफिसात एक मुलगी आहे, तिचं बाळ अकरा महिन्यांचं. तिने याची प्रिंट काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. तीन आठवडे ती साडेचारला उठली. चौथ्या आठवड्यात डबा खाता खाता तिला रडू फुटलं आणि तिने मला विचारलं, “ताई, माझ्यातच काही कमी आहे का?” हे उत्तर आधी तिला आहे, मग बाकीच्यांना.

साडेचारला उठणं वाईट नाही. माझे सासरे आयुष्यभर उठत आले. पण रात्री साडेआठला ते अंथरुणावर असायचे. मोठ्या माणसाला रोज किमान सात तास झोप लागते, असं झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. साडेचारपासून सात तास मागे मोजा, साडेनऊ येतात. मजकुरात दहा लिहिले आहेत, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या हिशेबातच अर्धा तास तुटतो. आणि दहाला खरंच अंग टाकता येतं का? आमचं घर पावस गावाच्या बाजूला. नवरा कामावरून साडेआठला येतो, जेवणं नऊला. मग मागचं आवरणं, भांडी, दुधाला विरजण, ओटा पुसणं, मुलाला ऐन वेळी आठवलेला तक्ता. अकरा वाजतात. अकरा ते साडेचार म्हणजे साडेपाच तास झोप. दिवस सकाळच्या टोकाने ताणला, रात्रीचं टोक जागचं हललं नाही. मध्ये बाळ दोनदा उठणार असेल तर त्या साडेपाचातले किती उरले, हे त्या मुलीच्या डोळ्यांखाली दिसत होतं.

ब्राह्ममुहूर्ताचंही बोलू, कारण त्याच्या नावाने दडपण जास्त येतं. हा मुहूर्त सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो आणि ४८ मिनिटं टिकतो. जानेवारीत रत्नागिरीला सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, म्हणजे तेव्हा ब्राह्ममुहूर्तच साडेपाचच्या सुमाराला लागतो. आपल्या जुन्या माणसांचा दिवस सूर्याबरोबर मागेपुढे सरकत होता. बारा महिने साडेचारचा गजर ही त्यांची रीत नाही.

या मजकुरात एक गोष्ट लिहिलेली नाही, नुसती धरून चाललेली आहे. ती म्हणजे वेळ आईच्या मुठीत असते. कोकणात राहणाऱ्या माणसाने तरी हे मान्य करू नये. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावायला लागली, आणि आजही दर जूनमध्ये तिचं वेगळं पावसाळी वेळापत्रक लागतं ते ऑक्टोबरपर्यंत चालतं. दरडी, पाऊस, कमी वेग हे सगळं त्यात आधीच धरलेलं असतं. रेल्वेला त्यासाठी कुणी आळशी म्हणत नाही. आमच्या वाडीला मात्र जुलैत वहाळ, म्हणजे ओढा, भरून वाहिला आणि एसटी त्याच्या अलीकडच्या काठालाच थांबली, मी दोन किलोमीटर छत्रीतून चालत घरी पोचले, तर स्वयंपाकाला उशीर का हे मला विचारलं जातं.

आणि पाणी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा हा मुलूख, पण जांभ्या दगडातून आणि उतारावरून ते पाणी खाली खाडीला जातं आणि एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात. तेव्हा नळाला पाणी येईल ती घरातल्या बाईची उठायची वेळ. खाडीत कालवं, मुळे असे शिंपले काढणाऱ्या बायका तर ओहोटी बघून निघतात, आणि भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. त्यासुद्धा नोकरदार बायकांइतक्याच कमावत्या आया आहेत. त्यांना साडेचारचं वेळापत्रक कुठल्या दिवशी लागू करायचं? आमच्याकडे मासळी घेऊन येणारी मावशी होडी बंदराला कधी लागेल त्यावर जगते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा तिचा दिवस पुन्हा वेगळा: सुकी मासळी, बाजार, शेतावरची मजुरी.

दोन्ही वेळचा स्वयंपाक सहाच्या आत, हे लिहिणाऱ्याच्या घरी बहुतेक ओला नारळ नसावा. मेच्या उकाड्यात सकाळी केलेली नारळाची आमटी संध्याकाळपर्यंत आंबते. आठवड्याच्या ओल्या वाटणाचंही तेच. डीप फ्रीजरमध्ये ते टिकतं हे खरं, पण पावसाळ्यात आमच्याकडे एकदा वीज गेली की रात्र-रात्र येत नाही. मी दोन वेळा आठवड्याचं वाटण नारळाच्या झाडाखाली ओतलं आहे. रविवारचे तीन तास त्याच्याबरोबर गेले.

तयारी करून ठेवण्याच्या मी विरुद्ध नाही. कोकणाला ती कुणी शिकवायला नको, आपल्याकडे आगोट होती. मेअखेर चार महिन्यांची बेगमी भरायची: आमसुलं, कुळीथ, मसाला, पापड, फणसपोळ्या, सुकी मासळी, वाळलेली लाकडं. पण आगोट एकटी बाई भरत नसे. फणस काढायला पुरुष झाडावर चढायचे, लाकडं तेच फोडायचे, पापड लाटायला शेजारच्या चार जणी यायच्या, वाळवणावरचे कावळे हाकायला आम्ही पोरं. पेंढ्याने छप्पर शाकारणं नाही तर कौलं परतणं हेही त्याच दिवसांतलं, घरच्या बाप्यांचं. तीच कल्पना रविवार म्हणून परत आली, फक्त चार घरांची माणसं गळली आणि एक आई उरली.

यातूनच मी आजीकडे येते, कारण सगळ्यात जास्त मला लागलं ते शेवटचं वाक्य.

माझी आजी दहा माणसांचं करायची, खरं आहे. पण त्या दहांत तीन जावा होत्या, एक आतेसासू होती. व्हायनात, म्हणजे जमिनीतल्या उखळात, भात कांडायला दोघी, विहिरीवर तिसरी, चुलीपाशी चौथी. मूल रडलं तर ज्या बाईचे हात मोकळे ती घ्यायची. तिला दहा वाजता मस्टरवर सही करायची नव्हती, आणि दुपारी पडवीत घोंगडीवर पाठ टेकायला तिला कुणाची परवानगी लागत नव्हती. आज ज्या आईला तिचं उदाहरण देतात तिच्या घरात बहुतेक ती एकटी बाई असते, फार तर गुडघे दुखणाऱ्या सासूबाई.

आणि पुरुष? २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. याचं मोठं कारण म्हणजे घरचे पुरुष मुंबईला. गिरण्यांच्या काळापासून हेच चालत आलं. शेत, गुरं, म्हातारी माणसं, मुलांची आजारपणं इथे बायकांनी ओढली आणि मनीऑर्डरची वाट बघितली. ती सहनशक्ती मोठी होती. पण जी वेळ त्यांच्यावर आली तिला आदर्श दिनक्रम म्हणणं हा त्यांचा सन्मान नाही.

तक्रार केली नाही म्हणतात. कुणी ऐकली नाही म्हणा. गी पॉइटेव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं काम उभं केलं, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. पहाटे दळताना बायका काय गात होत्या? देव होता, भाऊ होता, आणि सासरचा जाच, कष्ट, बाईच्या जन्माचं दुःखही होतं. तक्रार जात्यापाशी केली, कारण तिथे ऐकायला दुसरी बाईच होती. माझ्या आजीची कंबर पन्नाशीत वाकली. मला ती एकच गोष्ट वारंवार सांगायची: “बाय, शिक. माझ्यासारखं करू नको.” तिचं नाव घेऊन मला पुन्हा तिच्याच जागी बसवायला निघालेत, म्हणून हे लिहिताना माझा हात थरथरतो आहे.

आता आकडे. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळण्याचा वेळ वेगळा मोजला: बायका १३७, पुरुष ७५. बायकांच्या घरकामाचा आकडा २०१९ मध्ये २९९ होता. पाच वर्षांत दहा मिनिटं कमी झाली; पुरुषांची त्याच काळात ९७ वरून ८८ वर आली. हा फरक गजर लवकर लावून भरून निघेल का? पहाटे मिळालेला तास त्याच २८९ मध्ये जाऊन पडतो.

योगासनं आणि ध्यान. मी केली आहेत, चांगली आहेत. पण तीन वर्षांपूर्वी मी असंच ठरवून पहाटे उठत होते आणि सूर्यनमस्काराला वाकलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. मला वाटलं सवय नाही. सहा महिने तसेच काढले. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.६ निघालं, गरोदर नसलेल्या बाईला ते किमान १२ लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय होता. म्हणजे हा मजकूर वाचून ‘मी आळशी आहे’ म्हणणाऱ्या दोघींपैकी एकीला आधी रक्ततपासणीची गरज असू शकते. माझ्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं की गोळीच्या आगेमागे चहा घ्यायचा नाही, चहाने लोह नीट शोषलं जात नाही, लिंबूपाणी घ्या. चार महिन्यांनी जिना चढताना मला थांबावं लागेना. स्वतःची काळजी म्हणजे माझ्यासाठी आधी ती तपासणी, मग सकाळी सगळ्यांबरोबर बसून गरम खाल्लेलं घावन, आणि मग वेळ मिळाला तर आसन. यादीत आणखी एक काम म्हणून घातलेली विश्रांती ही विश्रांती नसते.

मोबाईलचं त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. रात्री अर्धा तास जातो माझा. पण बाकी घराचा किती जातो तेही मोजा.

मग करायचं काय? आम्ही आईचं वेळापत्रक फाडलं आणि घराचं केलं. आमच्याकडे नळ पहाटे साडेपाचच्या पुढे येतो. आता नवरा उठून पाणी भरतो आणि मी सहापर्यंत झोपते. मुलगा सातवीत आहे, नारळ खोवतो, स्वतःचा गणवेश इस्त्री करतो. सासूबाई ओटीवर बसून भाजी निवडतात आणि ते काम दुसऱ्या कुणाला देत नाहीत. रात्रीची भांडी एक दिवस नवऱ्याची, एक दिवस माझी. हे गोडीने झालं नाही. महिनाभर घरात अबोला होता आणि ‘मदत करतो ना मी’ हे वाक्य मी रोज ऐकलं. मदत माझी नाही, काम घराचं, हे मलाही पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. पावसाळ्यासाठी आमचं वेळापत्रक वेगळं आहे, आणि त्यात संध्याकाळी नुसती कुळथाची पिठी आणि भात चालतो.

आणि ऑफिसातल्या त्या मुलीसाठी एक गोष्ट, जी त्या मजकुरात कुठेच नाही. प्रसूतीच्या २६ आठवड्यांच्या रजेशिवायही कायद्याने आईला काही दिलं आहे. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या दिवसात अंगावर पाजण्यासाठी दोन सुट्ट्या मिळतात, नेहमीच्या जेवणाच्या सुट्टीशिवाय. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. या तरतुदी १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात आणि त्याच्या २०१७ च्या दुरुस्तीत आल्या, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही घेतल्या आहेत. आमच्या ऑफिसात पन्नास माणसं नाहीत, पण त्या दोन सुट्ट्या तिच्या आहेत. तिला हे माहीतच नव्हतं, आणि मलाही माझं मूल लहान असताना कुणी सांगितलं नव्हतं. सोमवारी आम्ही दोघींनी बसून मराठीत अर्ज लिहिला. तिचं बाळ तिच्या आईकडे असतं, ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर. कपाटाच्या दाराला आता त्या अर्जाची पोच घेतलेली प्रत लावली आहे.