कंजुषाने सुधारावे, पण उशिरा

शेठ, तुमचा हात आखडता आहे हे कोल्हापूरच्या अख्ख्या लक्ष्मीपुरीला ठाऊक आहे. लाजू नका, उलट मूठ आणखी आवळा. सुधारायचं आहेच, पण घाई नको. तिशीतच दानशूर झालेल्या माणसावर कुणी गोष्ट लिहीत नाही.

गुरू करायचा तर स्क्रूजला करा. डिकन्सने १८४३ साली ‘अ ख्रिसमस कॅरल’ या नाताळच्या गोष्टीत उभा केलेला हा लंडनचा कवडीचुंबक. कारकुनाला आठवड्याला १५ शिलिंग आणि शेकायला जेमतेम एक निखारा. अशी वर्षं नेटानं काढली, की पुढचं काम एका रात्रीचं. मेलेला भागीदार गल्ले, कुलपं, खतावण्या अडकवलेली साखळी ओढत येतो, मागोमाग तीन भुतं, आणि सकाळी माणूस साजूक तूप! आपल्याकडं तर लक्ष्मीपूजनच अमावास्येला. भुतांना वेगळं आवतण द्यायला नको.

सकाळी उठून काय करायचं? स्क्रूजने कारकुनाच्या घरी भलामोठा टर्की पाठवला. तुम्ही दोन किलो मटण पाठवा. (लक्ष्मीपूजनाला नको, पुढचा रविवार गाठा.) तांबडा-पांढरा ते घरी करतील, मसाला त्यांचाच.

खरी कला पुढं आहे. दुसऱ्या दिवशी कारकून साडेअठरा मिनिटं उशिरा येतो. नवा, सुधारलेला स्क्रूज आधी खोटं खोटं डाफरून त्याला घाम फोडतो आणि मग पगार वाढवल्याचं सांगतो. किती वाढवला? आकडा पुस्तकात नाही. देणगीचा आकडाही तो मागणाऱ्याच्या कानातच सांगतो. आपल्या मंडळांसारखा फलकावर लावत नाही. इतक्या वर्षांच्या मापात मारलेल्या पगाराचं काय, हे तर कारकूनही विचारत नाही. आनंदात असतो बिचारा.

फ्रेंच नाटककार मोलिएरच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्याच्या १६६८ च्या नाटकातला कंजूष आर्पागाँ शेवटपर्यंत सुधारत नाही. पोरांच्या लग्नाचा खर्च व्याह्यावर ढकलतो, वर स्वतःला नवा कोट शिवून मागतो आणि आपल्या लाडक्या पेटीकडं निघतो. (हे वाचून तुमचे डोळे का चमकले?)

जॉर्ज इलियटच्या कादंबरीतल्या सायलस मार्नरचा मार्गही धोक्याचा. त्या विणकराचं सोनं चोरीला जातं आणि बदल्यात सोनेरी केसांचं लेकरू घरात येतं. सोळा वर्षांनी सोनंही परत मिळतं! इचलकरंजीत मागवाले थोडे नाहीत, पण चोरीनंतर असा परतावा मिळाल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

तेव्हा स्क्रूजच बरा. शिवाय तुमचा दिवाणजी त्याच्या कारकुनासारखाच आहे. तो कारकून बॉब, स्क्रूज सुधारायच्या आधीच, पदरच्या पैशानं केलेल्या सणाच्या जेवणावर, मालकाच्या नावानं प्याला उचलतो. त्याची बायको भडकते. म्हणते, तो समोर असता तर चार गोष्टी खायला घातल्या असत्या.

दिवाणजीच्या घरीही परवा तुमचा विषय निघाला होता. वहिनी काय म्हणाल्या ते इथं छापता येत नाही. आमच्या कोल्हापुरी बायका, त्यात दिवाळीचा आठवडा.