जेट्सचा इतिहास विनिपेगला परत द्या

परवा ऑफिसात जेवताना एक नवीन आलेला मुलगा सहज बोलून गेला, जेट्स म्हणजे २०११ ची टीम ना, अजून लहानच आहे की. चूक त्याची नाही, नॅशनल हॉकी लीग (एनएचएल), म्हणजे अमेरिका-कॅनडातली आइस हॉकीची मोठी लीग, तिच्या रेकॉर्डबुकातलं वाचून कुणालाही असंच वाटेल. पण मला ते फार लागलं. तेव्हा गडबडीत नीट बोलता आलं नाही म्हणून इथे लिहितोय, लांबेल, पण वाचा.

जेट्स ही कॅनडातल्या आमच्या विनिपेग शहराची आइस हॉकी टीम, आणि ती १९७२ ची आहे. त्या वर्षी जूनमध्ये पोर्टेज आणि मेनच्या चौकात, भर रस्त्यात, हजारो लोकांसमोर बॉबी हल या शिकागोच्या स्टारने सही केली, १० लाख डॉलर नुसते सहीचे. जेट्स ज्यात खेळायचे त्या डब्ल्यूएचए नावाच्या, एनएचएलशी टक्कर घेणाऱ्या नव्या लीगला तोवर कोणी धरत नव्हतं, हल आला नि सगळं बदललं. (बायकोशी तो घरी कसा वागायचा याबद्दल नंतर जे बाहेर आलं त्यामुळे मला त्याचं कौतुक मोकळ्या मनाने करता येत नाही, पण त्याच्याशिवाय ही गोष्ट सांगताही येत नाही.) माझ्या मते खरी क्रांती त्याच्यानंतर १९७४ मध्ये झाली, जेट्सने स्वीडनहून अँडर्स हेडबर्ग, उल्फ निल्सन, लार्स-एरिक शोबर्ग यांना आणलं. युरोपातली पोरं नाजूक असतात, मार खाऊन पळतील असं तेव्हा इकडे सर्रास बोललं जायचं. त्यांनी मारही खाल्ला नि गोलही केले, हलबरोबर पास देत देत असा वेगवान खेळ केला की आज सगळीकडे जे हॉकी दिसतं त्याची मुळं मला त्यात दिसतात. १९७६, ७८, ७९, तीन वेळा अ‍ॅव्हको कप, म्हणजे डब्ल्यूएचएचं विजेतेपद. आणि ५ जानेवारी १९७८ ला सोव्हिएत युनियनच्या नॅशनल टीमला ५-३ हरवलं, क्लब टीमने! हे त्या मुलाला कोणी सांगितलंच नाही.

मग १९७९ मध्ये डब्ल्यूएचए बंद झाली नि जेट्स एनएचएलमध्ये आले, पण अटी अशा की एनएचएलच्या जुन्या टीम्सनी आपापल्या हक्काचे खेळाडू परत ओढून घेतले नि चॅम्पियन टीमचा नुसता सांगाडा उरला. १९८०-८१ च्या सीझनमध्ये ८० पैकी ९ मॅच जिंकल्या, सलग ३० मॅच विजय नाही. तळाच्या टीमला नवा खेळाडू आधी निवडता यायचा, म्हणून त्या पडझडीतून १८ वर्षांचा डेल हॉवरचक मिळाला. त्याला सही करायला त्याच चौकात नेलं, पैसे वाहून नेतात तसल्या चिलखती ट्रकमधून, आणि पहिल्याच वर्षी १०३ पॉइंट (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून). तरी प्लेऑफमध्ये समोर वेन ग्रेट्स्की या महान खेळाडूचं एडमंटन यायचं नि विषय संपायचा. पण १९८७ ला कॅलगरीचे लोक लाल कपड्यात यायचे म्हणून विनिपेगकर सगळे पांढरे घालून आले, तो व्हाइटआउट आजही चालू आहे. आणि १९९२-९३ मध्ये तेमू सेलाने, फिनलंडचा पोरगा, पहिल्याच सीझनला ७६ गोल! आधीचा रुकी, म्हणजे पहिल्या सीझनच्या खेळाडूचा, रेकॉर्ड ५३ चा होता, म्हणजे विचार करा.

मग पैशाने घात केला. खेळाडूंचे पगार अमेरिकन डॉलरमध्ये, तिकीट विकायचं कॅनडाच्या डॉलरमध्ये, जो तेव्हा पाऊण अमेरिकन डॉलरच्या आसपास होता, अरेना जुनं, गाव लहान. १९९५ च्या मे महिन्यात अरेनात निरोपाचा कार्यक्रम झाला, थॉमस स्टीन या आपल्या खेळाडूचा २५ नंबर सन्मानाने वर टांगला, लोक ढसाढसा रडले. आणि त्यानंतर टीम वाचवायला हेच लोक रस्त्यावर उतरले, पोरांनी गल्ले फोडून पैसे आणून दिले. आमच्या शेजारच्या आजोबांच्या मुलीनेही दिला होता गल्ला, ते सांगताना अजून त्यांचा आवाज बसतो. एक सीझन मिळाला फक्त. २८ एप्रिल १९९६, डेट्रॉइटकडून ४-१ हार, आणि टीम अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात, फिनिक्सला, वाळवंटात.

२०११ ला अ‍ॅटलांटाची थ्रॅशर्स टीम विकत घेऊन इथे आणली, १३,००० सीझन तिकिटांचं (पूर्ण सीझनच्या होम मॅचेसची आगाऊ तिकिटं) टार्गेट ठेवलं होतं, सर्वांसाठी विक्री उघडली नि १७ मिनिटांत खलास. पण कागदावर आपल्या टीमचा इतिहास अ‍ॅटलांटाचा! अ‍ॅटलांटाचा इल्या कोवालचुक विनिपेगसाठी एक मॅच खेळलेला नाही, तरी फ्रँचायझीचा सर्वाधिक गोलचा रेकॉर्ड बरीच वर्षं त्याच्या नावावर. आणि हॉवरचक, सेलाने, स्टीन यांचे आकडे अ‍ॅरिझोनाच्या खात्यात. ती टीमही २०२४ मध्ये मोडली, खेळाडू युटाला गेले, फ्रँचायझी बंद पडली. म्हणजे हॉवरचकचे गोल आता एका बंद दुकानाच्या वहीत पडून आहेत.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालमीची फुटबॉल मॅच बघत वाढलो. उद्या कोणी पाटाकडीलचं नाव कागदावर दुसऱ्या गावाला लावलं तर पेठेतली माणसं मान्य करतील का? टीम पेठेची असते, ज्याने तिच्यासाठी घसा फोडला त्याची असते. म्हणून माझं म्हणणं साधं आहे, लीगने १९७२ ते १९९६ चा सगळा हिशेब विनिपेगला लावावा आणि अ‍ॅटलांटाचा अ‍ॅटलांटाला, कारण तिथेही पोरं रडली असतील, त्यांचंही काहीतरी होतं.

आणि हे आत्ताच बोलायला हवं. सीझन तिकिटं २०२४ मध्ये साडेनऊ हजारांवर आली होती, मालकांनी उघड सांगितलं की असं फार काळ जमणार नाही. ते वाचून मला रात्री झोप नव्हती. त्यानंतर २०२४-२५ मध्ये लीगमध्ये पहिले आलो, आमचा गोलकीपर हेलबक हार्ट ट्रॉफी, म्हणजे लीगच्या सर्वात मोलाच्या खेळाडूचं बक्षीस, घेऊन गेला, प्लेऑफमध्ये सेंट लुईसविरुद्ध निर्णायक सातव्या मॅचला दोन सेकंदही उरले नव्हते तेव्हा परफेटीने बरोबरी केली नि डबल ओव्हरटाइममध्ये कॅप्टन लाउरीने जिंकवलं, मी शेजारच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून रडलो.

त्या नवीन मुलाला पुढच्या होम मॅचला घेऊन जाणार आहे. आजोबाही येतायत. अरेनासमोर हॉवरचकचा पुतळा आहे, २०२० मध्ये कॅन्सरने गेला तो, फक्त ५७ वर्षांचा. तिथे आधी थांबायचं ठरलंय, बाकीचं आजोबाच सांगतील त्याला.