सुवर्णगड्डे

वळवाचे दोन पाऊस पडून गेले आणि बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या घरात उंदीर मेला. निदान तसा ठराव झाला. दिवेलागणीला देवापुढं उदबत्ती लावता लावता आई थांबली, नाक वर केलं आणि म्हणाली, "मेलंय काहीतरी."

वासाच्या बाबतीत आई म्हणजे आमचं सुप्रीम कोर्ट. फरक इतकाच, की सीमाप्रश्नाचा दावा तिकडं २००४ पासून पडून आहे, आईचा निकाल तिथल्या तिथं लागतो. अंमलबजावणी अर्थातच माझ्याकडे.

रात्री साडेदहापर्यंत मी माळ्यावर होतो. रुखवतातली कापसाची बदकं निघाली, पितळी स्टोव्ह निघाला, माझ्या बी.कॉम.च्या वह्या निघाल्या. उंदीर नाही. फ्रिज सरकवला, तर पाच वर्षांपूर्वी हरवलेली लाटणी सापडली. ती सापडल्याचं श्रेय हिनं उंदराला दिलं.

तोवर गल्लीला सुगावा लागला होता. शेजारच्या अक्का पदर नाकाला लावून आल्या. "तुमच्याकडनंच वास मारायलाय बघा. गटार बघितलाय काय?" समोरचे सर डांबरगोळ्या घेऊन आले. कोपऱ्यावरच्या दादांनी तर फरशी उकरायचीच बोली केली. येईल तो खोल श्वास घेई, तोंड वाकडं करी, सल्ला देई आणि चहा घेऊन जाई. त्या वासात चहा कसा उतरत होता, देव जाणे.

सकाळी परड्यात पाण्याची मोटर चालू करायला गेलो, तर टाकीमागं माश्या घोंगावत होत्या. वाकून बघितलं आणि दोन पावलं मागं सरलो. पान नाही, फांदी नाही. थेट मातीतून वर आलेली, चुरगळलेल्या झालरीची, शिळ्या मटणाच्या रंगाची परात. मधोमध मेंदूसारखा सुरकुतलेला काळपट जांभळा गोळा. तीन वर्षांपूर्वी खानापूरच्या मावसभावानं दिलेला सुरणाचा गड्डा मी तिथं पुरला होता आणि साफ विसरलो होतो. तो फुलला होता.

अक्कांनी कुंपणावरून डोकावून कपाळावर हात मारला. "अय्य, सुवर्णगड्डे!" कन्नडमध्ये सुरणाला हेच म्हणतात. सोन्याचं नाव आणि वास मेलेल्या उंदराचा.

मग वाचून काढलं. हे फूल सडक्या मांसातून सुटतात तसलीच गंधकाची द्रव्यं सोडतं. वर स्वतः गरमही होतं, म्हणजे वास लांबवर जातो. माश्या आणि मुडद्यावरचे भुंगेरे मेजवानी समजून धावतात. हाती काहीच लागत नाही, निव्वळ फसवणूक. हे एक फूल दिसत असलं तरी तो बारीक फुलांचा झुबका असतो. त्यातली आधी तळाची मादीफुलं तयार होतात आणि किड्यांच्या अंगावरचे दुसऱ्या सुरणाचे परागकण घेतात. नरफुलं आपले परागकण त्यानंतर सोडतात, ते अंगाला माखून किडे पुढच्या फुलाकडं फसायला जातात. आमच्या गल्लीत दुसरा सुरण नाही. म्हणजे एवढा तमाशा करून बियाणं शून्य!

याचा थोरला भाऊ, टायटन अरम, सुमात्रात असतो. १८७८ साली बेक्कारी नावाच्या इटालियन माणसानं तो जगापुढं आणला. पुरुषभर उंचीच्याही वर, तीन मीटरपर्यंत जातो. लंडनच्या क्यू बागेत तो १८८९ साली फुलला. अजूनही कुठल्या बागेत तो फुलला की लोक वास घ्यायला रांगा लावतात. आमच्याकडं अख्खी गल्ली येऊन गेली, वर दीड लिटर दुधाचा चहा पिऊन गेली. माश्यांना निदान चहा तरी द्यावा लागत नाही.

दोन दिवसांत वास गेला, फूल मान टाकून पडलं. आषाढात तिथंच ठिपक्याठिपक्यांच्या दांड्यावर छत्रीसारखं एकच पान उभं राहिलं. आई आता येणाऱ्याजाणाऱ्याला ते कौतुकानं दाखवते. उंदराचा विषय कोणी काढत नाही.

परवा अक्का कुंपणापाशी आल्या, आवाज बारीक करून म्हणाल्या, "काढशीला तेव्हा अर्धा गड्डा आम्हाला ठेवा की हो. खाजतंय ते, चिंच मी आणतो."