टॉवेल पाणी का शोषत नाही, हे कोण सांगणार?

‘टेक्स्टाइलची पदवी घेण्यापेक्षा सोलापूरच्या पोरांनी थेट मागावर उभं राहावं, तिथं जास्त शिकायला मिळतं’ हे लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. आमचे यंत्रमाग आहेत, मी त्यांच्या खडखडाटातच वाढले आणि नंतर टेक्स्टाइल शिकले. तुटलेला धागा जोडणं, बिम (उभ्या धाग्यांचा मोठा रूळ) भरणं, जकार्डचा पंच (नक्षी ठरवणारं भोकांचं कार्ड) तपासणं यात आमच्या जुन्या जॉबरमामांचा, म्हणजे माग लावून-दुरुस्त करून देणाऱ्या कारागिरांचा, हात धरणारं कुणी नाही. पण टॉवेल हाताला मऊ लागतो आणि पाणी मात्र ओढत नाही, अशी तक्रार गिऱ्हाइकाकडून आली, तेव्हा सगळे सुताला दोष देत होते. सूत चांगलंच होतं. मऊपणासाठी शेवटी दिलेल्या सिलिकॉन सॉफ्टनरचा (कापड मऊ करणाऱ्या रसायनाचा) थर धाग्यावर बसला की पाणी आत शिरत नाही. टॉवेलचा तुकडा पाण्यावर सोडायचा आणि बुडायला किती वेळ लागतो ते बघायचं, एवढी साधी चाचणी कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकले होते. पाणी शोषू देणारा सॉफ्टनर वापरल्यावर तक्रार थांबली.

आणि लेखात गणवेशांचा उल्लेखच नाही! सोलापुरात आता गणवेश शिवणारे कारखाने कितीतरी आहेत. एकाच पॅटर्नवरून सगळ्या मापांचं ग्रेडिंग करणं, म्हणजे लहान-मोठी मापं काढणं, कापड कमीत कमी वाया जाईल असा मार्कर (कापण्याच्या भागांची मांडणी) लावणं, हे अ‍ॅपरलच्या, म्हणजे तयार कपड्यांच्या, अभ्यासक्रमात पद्धतशीर शिकवतात. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन (त्या गावाची खास वस्तू म्हणून सरकारी नोंद) आहे, त्याचा अभिमान मलाही आहे. पण मुलींना या शिक्षणापासून परावृत्त करू नका, कृपया.