शिक्षकाचे नाव आणि स्पर्धेची नियमावली

१९ ऑगस्टचा जागतिक छायाचित्रण दिन जवळ आला की आपल्याकडची कला महाविद्यालये आणि फोटोग्राफी क्लब विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा जाहीर करतात. त्यांतल्या काही स्पर्धांना गावातल्या एखाद्या दिवंगत छायाचित्रकाराचे नाव दिलेले असते. स्टुडिओ चालवता चालवता त्यांनी दोन पिढ्यांना कॅमेरा हाताळायला शिकवलेले असते, म्हणून ते नाव शिक्षकाचेही असते. ही प्रथा मला मनापासून आवडते. माझा आक्षेप आहे तो नियमावलीला. फलकावरचे नाव कोणाचेही असो, नियम मात्र तेच: एक प्रवेशिका, १२ बाय १८ इंचांचा प्रिंट, विषय खुला, आणि शेवटी शाल, श्रीफळ, धनादेश.

अशाच एका स्मृती पुरस्काराच्या परीक्षक मंडळावर मी होते. टेबलावर जेजुरीचा भंडारा होता, वारीतला पाऊस होता, भिगवणचे रोहित पक्षी होते आणि सुरकुतलेल्या चेहऱ्याच्या आज्या तर विचारूच नका. तांत्रिकदृष्ट्या बहुतेक छायाचित्रे निर्दोष होती. पण तीन वेगवेगळ्या स्पर्धकांच्या प्रिंटमध्ये भंडारा उधळणारा माणूस तोच, पायरी तीच आणि कॅमेऱ्याची उंचीही तीच निघाली, कारण तिघेही एकाच फोटो टूरला गेले होते. त्या तिघांपैकी कोणी काय पाहिले आणि कोण काय शिकले, हे त्या एका प्रिंटवरून ठरवायचे कसे? आम्ही ठरवले, कारण ठरवणे भाग होते.

मुंबईचे मित्तर बेदी (१९२६–१९८५) यांचे उदाहरण घेऊ. लाहोरमध्ये जन्मलेल्या बेदींनी १९५९ च्या सुमारास औद्योगिक छायाचित्रणाची वाट धरली आणि स्वातंत्र्यानंतर उभ्या राहणाऱ्या कारखान्यांची चित्रे भारतभर फिरून काढली. या कामाबरोबरच ते शिकवतही होते. ज्यांनी कधी कारखान्याच्या शेडमध्ये छायाचित्रण केले आहे, त्यांना ठाऊक असेल की तिथे नशिबाने काही मिळत नाही: परवानगी काढावी लागते, पाळीची वेळ समजून घ्यावी लागते, काळोख्या शेडमध्ये प्रकाश कुठून टाकायचा ते आधी ठरवावे लागते आणि यंत्राचा आकार कळावा म्हणून चौकटीत माणूस कुठे उभा करायचा याचाही विचार करावा लागतो. अशा शिक्षकाच्या नावाचा पुरस्कार सूर्यास्ताच्या चित्राला द्यायचा असेल, तर नाव बेदींचे कशाला? तो कोल्हापूरच्या फाउंड्रीत किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागांवर महिनाभर जाऊन काम केलेल्या विद्यार्थ्याला मिळायला हवा.

अमेरिकन छायाचित्रकार युजीन स्मिथ यांनी जपानमधल्या मिनामाता येथील पारा-विषबाधेवर काही वर्षे काम केले, अखेरच्या काळात ते ॲरिझोना विद्यापीठात शिकवायला गेले आणि १९७८ मध्ये वारले. त्यांच्या स्मृतीसाठी उभा राहिलेला निधी एका सुंदर चित्राला बक्षीस देत नाही. तो चालू असलेल्या दीर्घ कामाचा प्रस्ताव मागतो आणि ते पुढे नेण्यासाठी पैसे देतो. म्हणजे स्मिथ ज्या पद्धतीने काम करत, ती पद्धतच तिथे नियमावलीत उतरली आहे.

आपल्याकडेही हे अशक्य नाही. दहा-बारा चित्रांची मालिका मागावी, आणि तिच्यासोबत संपूर्ण कॉन्टॅक्ट शीट (रोलमधल्या सगळ्या फ्रेम लहान आकारात छापलेला कागद), म्हणजे डिजिटलच्या काळात निवड न करता त्या दिवशीच्या सगळ्या फ्रेम. जुने शिक्षक नेमके हेच पाहत असत. भिंग लावून, लाल पेन्सिलीने खुणा करत ते विचारायचे की तू इथे थांबलास का, अजून दोन पावले पुढे का गेला नाहीस. विद्यार्थ्याचे चुकलेले प्रयत्न दिसल्याशिवाय हा प्रश्न विचारताच येत नाही. प्रवेशिका कमी येतील, हे मान्य. आकडा प्रायोजकांना दाखवायचा असतो, हेही मला कळते. प्रवेश शुल्काचे गणित तर त्याहून चांगले कळते.

आणखी एक गोष्ट या दिवंगत शिक्षकांच्या कुटुंबीयांसाठी. मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग १८५५ मध्ये सुरू झाला, हरिचंद चिंतामण यांच्यासारखे छायाचित्रकार तिथे घडले, पण वर्ग घेणाऱ्या क्रॉफर्ड यांचे नाव आज अभ्यासकांपलीकडे कोणी घेत नाही. गावोगावच्या शिक्षकांचे तेच होते आहे. त्यांच्या निगेटिव्ह माळ्यावरच्या ट्रंकेत, उष्म्यात आणि दमटपणात पडून आहेत. जुन्या ॲसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला की ती खराब होऊ लागली आहे असे समजावे. पुरस्काराच्या रकमेतला काही भाग दरवर्षी एका विद्यार्थ्याला त्या निगेटिव्ह स्कॅन करून पाकिटांवरची नावे आणि तारखा उतरवून घेण्यासाठी द्यावा. त्यातून गावाचा दस्तऐवज तयार होईल, आणि शिक्षक गेल्यावरही एका मुलाला वर्षभर त्यांच्या नजरेने पाहायला मिळेल.

ज्यांच्या हाती अशा स्पर्धेची नियमावली आहे, त्यांनी यंदाचे परिपत्रक काढण्यापूर्वी निदान कॉन्टॅक्ट शीटची अट घालून पाहावी. मसुदा तयार करायला मी विनामूल्य मदत करीन.